दहा राग आणि एक यंत्र : साम्य, संपर्क व अग्रक्रम यांविषयी एक टिपण

१

संगीताच्या इतिहासात 'हे प्रथम कोणी केले?' हा प्रश्न जितका आकर्षक, तितकाच तो फसवा असतो. अग्रक्रमाचा मान एकदा कोणास देऊन टाकला म्हणजे चौकशी संपली असे आपण समजतो. वस्तुतः खरी चौकशी तेथूनच सुरू व्हावयास हवी. प्रस्तुत लेखात मुंबईतील चरणजित सिंग या अनुभवी गिटारवादकाच्या एका वाद्यसंगीताच्या तबकडीचा विचार या दृष्टीने करावयाचा आहे. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' हे तिचे नाव. ती १९८२ साली ध्वनिमुद्रित झाली आणि ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे आपल्या परिचयाच्या एच. एम. व्ही.ने, ती बाजारात आणली. त्या वेळी तिची फारशी दखल कोणी घेतली नाही. पुढे २०१० साली 'बॉम्बे कनेक्शन' या डच प्रकाशनसंस्थेने ती पुन्हा प्रसिद्ध केली, आणि पाश्चात्त्य समीक्षकांनी एकच गलबला केला : अमेरिकेतील शिकागो शहरात १९८७ साली जन्मलेले म्हणून गणले जाणारे 'ॲसिड हाउस' नावाचे नृत्यसंगीत पाच वर्षे आधीच मुंबईत जन्मले होते, असा त्यांचा दावा होता.

हा दावा आपल्या अभिमानास सुखविणारा आहे. म्हणूनच तो अधिक कसोशीने पारखून घेतला पाहिजे. शब्दांच्या व्युत्पत्तीचा अभ्यास करणाऱ्यास अशा प्रसंगांची सवय असते. ध्वनींचे साम्य आढळले की नाते सांगण्याचा मोह अनावर होतो, आणि शास्त्राचा आरंभ तो मोह आवरण्यापासून होतो.

२

प्रथम वादकाची पार्श्वभूमी पाहू. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून वाजविणारे व्यावसायिक वादक होते. साधी गिटार, बेस गिटार, आणि पुढे नवनवी विद्युत्‌वाद्ये त्यांनी हाताळली. १९७१ साली पडद्यावर आलेल्या 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटातील 'दम मारो दम' हे गीत सर्वांच्या ऐकण्यातील आहे. त्यातील गिटार भूपिंदर सिंग यांची, आणि तिच्या मागे घुमणारा ट्रान्झिकॉर्ड या विद्युत्‌वाद्याचा स्वर चरणजित सिंग यांचा. गीत लक्षावधींच्या ओठांवर गेले. वादकाचे नाव मात्र तबकडीवर आले नाही.

हे एकट्या त्यांच्याच वाट्यास आले असे नव्हे. चित्रपटसंगीताच्या त्या काळात तबकडीवर गायक, गीतकार व संगीत-दिग्दर्शक यांची नावे छापली जात. वृंदातील वादक व संयोजक अनामिक राहत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांसारख्या गोमंतकीय संयोजकांनी या संगीताची घडण किती केली, हे सर्वसामान्य श्रोत्यास कळावयास फार काळ लागला. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाचा या वादकांविषयीचा ग्रंथ २००८ साली निघाला, आणि त्याचे नावच 'पडद्यामागे' या अर्थाचे आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

अशा वादकास स्वतःचे नाव लावण्याची एक वाट मोकळी होती. ती म्हणजे लोकप्रिय गीतांच्या चाली वाद्यावर वाजवून त्यांची स्वतंत्र तबकडी काढणे. व्हॅन शिप्ले यांच्या विद्युत्‌ गिटारच्या तबकड्या या प्रकारात विशेष गाजल्या. चरणजित सिंग यांनीही अशा तबकड्या काढल्या. परंतु या प्रकारास 'वाद्यसंगीत' म्हणताना थोडे सावध राहिले पाहिजे. गीताची चाल गिटारवर वाजू लागते तेव्हा शब्द उच्चारले जात नाहीत हे खरे. पण ते श्रोत्याच्या स्मरणात वाजत असतातच. ओळ कोठे तुटते, श्वास कोठे घेतला जातो, कोणत्या अक्षरावर जोर पडतो, हे सारे वादक मूळ गीताच्या शब्दांवरूनच ठरवितो. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे शब्द लुप्त आहेत, अनुपस्थित नाहीत. वाक्यात कर्ता अध्याहृत असावा तसे ते अध्याहृत असतात.

१९८२ च्या तबकडीचे वेगळेपण येथे प्रथम ध्यानात येते. तिच्यात कोणत्याही गीताची चाल नाही. ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी इत्यादी दहा राग आहेत, आणि ते जवळजवळ निःशब्द आहेत. दुसऱ्याच्या गीतांस आयुष्यभर साथ देणाऱ्या वादकाने शब्दांचा आधार पूर्णपणे सोडून, एकट्याच्या बळावर केलेला हा उद्योग होय.

पाश्चात्त्य संगीतातही या वळणाची उदाहरणे आहेत. इंग्लंडचे जेफ बेक हे रॉक संगीतातील ख्यातनाम गिटारवादक. गायकांसह वृंद चालविल्यानंतर त्यांनी १९७५ साली 'ब्लो बाय ब्लो' ही केवळ वाद्यसंगीताची तबकडी काढली आणि ती लोकप्रियही झाली. परंतु बेक यांचे नाव तोपर्यंत जगभर झालेले होते. मुंबईच्या वादकास तशी कोणतीही पूर्वपुण्याई नव्हती. शिवाय बेक यांनी गायकास दूर केले, पण गिटार हातची सोडली नाही. चरणजित सिंग यांनी गायकाबरोबर गिटारही बाजूस ठेवली, आणि तबलाही. या तिहेरी त्यागाचे कारण यंत्रात शोधावे लागते.

३

तबकडीसाठी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरली गेली. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली ओसाका येथे स्थापन केलेली ही कंपनी. 'टी. आर. ८०८' हे १९८० साली आलेले तालयंत्र, 'ज्युपिटर ८' हा एका वेळी आठ स्वर काढू शकणारा सिंथेसायझर, आणि 'टी. बी. ३०३' हे मंद्र सप्तकातील बेसचे काम करणारे लहानसे यंत्र. शेवटची दोन्ही यंत्रे १९८१ च्या सुमाराची. म्हणजे मुंबईत ती वापरली गेली तेव्हा ती अगदी नवी होती.

या तिघांत टी. बी. ३०३ चा इतिहास मोठा उद्बोधक आहे. एकटा सराव करणाऱ्या गिटारवादकास बेसची साथ मिळावी, हा ते तयार करण्यामागील हेतू होता. मूळ हेतूस ते पुरे पडले नाही. त्याचा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा नव्हता, आणि त्यात स्वरावली भरण्याची रीत किचकट होती : स्वरांची उंची एका वेळी भरावयाची आणि त्यांचा काल निराळ्या वेळी. परिणामी कधी कधी मनात एक असे आणि यंत्रातून दुसरेच निघे. सुमारे दहा हजार नग तयार झाल्यावर १९८४ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले आणि शिकागोच्या तरुणांच्या हाती पडले. 'फ्यूचर' या गटाने त्याच्या कळा फिरवीत स्वराचा रंग सतत पालटत ठेवला. १९८७ च्या 'ॲसिड ट्रॅक्स' या तबकडीने या शैलीस नाव दिले.

स्वराचा रंग पालटतो म्हणजे काय होते? यंत्रातील मूळ ध्वनी उपस्वरांनी समृद्ध असतो. गाळणीसारख्या एका मंडलातून तो जातो. ठराविक मर्यादेवरील उपस्वर गाळले जातात, आणि त्या मर्यादेजवळील उपस्वर विशेष उठावदार होतात. कळ फिरविली की ही मर्यादा वरखाली सरकते आणि एकाच स्वरातून निरनिराळे उपस्वर क्रमाने उजळत जातात. तंबोऱ्याच्या परिसरात वाढलेल्या वाचकास याची ओळख निराळी करून द्यावयास नको. जवारी लावलेल्या तंबोऱ्याची तार छेडली असता हेच घडते : घोडीच्या रुंद, किंचित वक्र पृष्ठभागावर तार टेकते, तारेखाली सुताचा धागा सरकवून योग्य जागा साधली जाते, आणि एका षड्जातून अनेक स्वर झंकारत उमटू लागतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांच्या घोडीचा हा विशेष १९२१ सालीच शास्त्रीय चर्चेस घेतला होता. कार्यपद्धती पूर्णतः भिन्न, पण कानास होणारा प्रत्यय जवळचा. रागाचे वादन या यंत्रावर 'शोभते' असे जे श्रोत्यास वाटते त्याचे एक कारण येथे आहे.

दुसरे कारण रागांच्या निवडीत आहे. दहांपैकी भूपाळी, कलावती, मालकंस आणि बैरागी हे किमान चार राग औडव, म्हणजे पाच स्वरांचे आहेत. मोजक्या स्वरांची आवर्तने करीत राहणाऱ्या यंत्रास असे राग सोयीचे. तिसरे कारण सरक-स्वराचे : एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची व्यवस्था टी. बी. ३०३ मध्ये आहे आणि तिने मींडेचा आभास होतो. मात्र तो आभासच. कारण घसरण्यास लागणारा काल यंत्राने ठरविलेला असतो, वादकाच्या इच्छेवर तो नसतो. खरी रागरचना वरच्या सिंथेसायझरवर, हाताने वाजविलेल्या भागात आहे. तेथे माणूस आहे. खाली यंत्र आहे.

मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. रागाचा क्रमशः विस्तार येथे नाही; पहाटेचा ललत, सायंकाळचा यमन आणि उत्तररात्रीचा मालकंस एकाच द्रुत ठेक्यावर चालतात; समयाचा संकेत गळून पडतो. तोडीतील कोमल ऋषभ-गांधारांची सूक्ष्म ठेवण सम-विभाजित अर्धस्वरांच्या यंत्रात येऊ शकत नाही.

४

हा शेवटचा आक्षेप ऐकताना सातारा-सांगलीकडील वाचकास एक जुने प्रकरण आठवावे. कळांच्या वाद्यात राग मावतो की नाही, हा वाद आपल्या प्रदेशात एका शतकापूर्वीच रंगला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींविषयी इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. मिरजेशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायनाचा आधार त्या संशोधनास होता. अर्नेस्ट क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याने देवलांचे विचार पुढे नेले, आणि श्रुती वाजवू शकणारी खास हार्मोनियम तयार करविण्यात आली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या विषयावर मोठा खल झाला आणि श्रुतिपेटीचा पुरस्कार करणाऱ्यांची बाजू तेथे टिकली नाही.

देवल-क्लेमंट्स यांची भूमिका अशी की, यंत्र रागास अपुरे पडत असेल तर यंत्र सुधारावे. चरणजित सिंग यांनी याच्या नेमकी उलट वाट धरली : यंत्र जसे आहे तसे घ्यावे, आणि राग त्यात बसवून काय उरते ते पाहावे. पहिल्या प्रयोगात शास्त्र अधिक होते; दुसऱ्यात कानाचे धैर्य अधिक होते. पहिला आज ग्रंथांतरी उरला आहे, दुसरा ऐकला जात आहे. यावरून दुसरा श्रेष्ठ ठरतो असे नव्हे. पण इतिहासकाराने दोन्हींना एकाच प्रश्नाची दोन उत्तरे म्हणून शेजारी ठेवले पाहिजे.

मिरजेचेच आणखी एक उदाहरण येथे उपकारक आहे. सतार-तंबोऱ्याच्या निर्मितीसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे त्यासाठी येतात, आणि २०२४ साली तेथील सतार व तंबोरा यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने हा उद्योग ज्यांनी उभा केला त्या घराण्याचे आडनाव शिकलगार. 'सैकल' या अरबी शब्दाचा अर्थ घासून लकाकी आणणे. त्यास फारसी 'गर' हा कर्तृवाचक प्रत्यय लागून शब्द झाला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार व पाणी देणारा. तलवारीची मागणी सरली, तेव्हा धातूवर व धारेवर बसलेला हात तारेकडे आणि घोडीकडे वळला. आडनावात जुना व्यवसाय टिकला, हातात नवा आला.

एका हेतूने घडलेले साधन वा कसब दुसऱ्या हेतूकडे वळणे, ही संस्कृतीच्या इतिहासातील अपवादात्मक नव्हे, तर नित्याची प्रक्रिया आहे. भाषेत अर्थांतर होते ते याच रीतीने. सरावासाठी केलेले बेसयंत्र मुंबईत रागवादनाकडे वळले आणि शिकागोत नृत्यशाळेकडे; मूळ कर्त्याच्या कल्पनेत या दोहोंपैकी एकही उपयोग नव्हता.

५

आता मूळ दाव्याकडे वळू. दोन भाषांत समान रूपे आढळली तर त्याची कारणे मुख्यतः तीन संभवतात. एक, समान वारसा : संस्कृत 'त्रि' व लॅटिन 'त्रेस' ही एकाच मूळ शब्दाची अपत्ये. दोन, संपर्क : मराठीतील 'बटाटा' व 'पगार' हे पोर्तुगीजांकडून आलेले. तीन, स्वतंत्र उद्भव : 'बदनाम' या शब्दातील फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांत ध्वनी व अर्थ दोन्ही जुळतात, पण नाते कोणतेच नाही. व्युत्पत्ती शिकणाऱ्यास हे उदाहरण मुद्दाम सांगितले जाते, ते त्याने साम्यास भुलू नये म्हणून.

मुंबई व शिकागो यांच्या संगीतास ही कसोटी लावली तर काय दिसते? संपर्काचा पुरावा नाही. मुंबईची तबकडी अल्प खपली व विस्मृतीत गेली. ती शिकागोच्या तरुणांच्या कानी पडली होती असे दाखविणारे काहीही पुढे आलेले नाही. शिकागोच्या शैलीचा जो वंश पुढे युरोपात वाढला त्यात मुंबईच्या तबकडीचा अंश नाही. म्हणून 'ॲसिड हाउसचा जनक' ही पदवी, कितीही गोड वाटली, तरी स्वीकारता येत नाही. जनकत्वास संतती लागते. केवळ आधीची जन्मतारीख पुरत नाही.

परंतु 'बद-बॅड' यांसारखा हा केवळ योगायोगही नव्हे. येथे समान वारशाचा भाग आहे, आणि तो दुहेरी आहे. पहिला वारसा यंत्राचा : दोन्हीकडे टी. बी. ३०३ आहे, आणि वाद्य आपल्या घडणीने वादकास काही वाटा दाखवितेच. दुसरा वारसा डिस्को संगीताचा. जॉर्जियो मोरोडर यांनी डॉना समर हिच्याकडून १९७७ साली गाऊन घेतलेल्या 'आय फील लव्ह' या गीतात यंत्राने चालविलेली, न थकणारी मंद्र स्वरावली होती. तिचा प्रभाव जगभर पसरला. हिंदुस्थानात १९८० सालच्या 'कुर्बानी' चित्रपटातील नाझिया हसन हिचे गीत, १९८१ ची 'डिस्को दीवाने' ही तबकडी आणि १९८२ चा 'डिस्को डान्सर' हा चित्रपट यांनी ती लाट घरोघरी नेली. चित्रपटांतून हे संगीत रोज वाजविणाऱ्या चरणजित सिंग यांनी, तबला वगळून डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवून पाहावेत, असे योजिले. अर्थात दोन्ही संगीते एका शाखेची मायलेकरे नसून, एकाच मुळापासून निरनिराळ्या भूमीत फुटलेले धुमारे आहेत. भाषाशास्त्र यास समांतर विकास म्हणते.

या तबकडीविषयी प्रारंभी दुसऱ्या टोकाचा संशयही घेतला गेला : ही १९८२ ची नसून आधुनिक संगीतकाराने केलेली बनावट असावी! मूळ तबकड्या उपलब्ध होत्या, वादक मुंबईत हयात होता, आणि पुढे त्याने परदेशी रंगमंचावर हेच संगीत वाजवून दाखविले; तेव्हा संशय मावळला. हा संशय आणि तो जनकत्वाचा जयघोष या दोहोंच्या तळाशी एकच गृहीत आहे, हे मात्र लक्षात घेतले पाहिजे. मुंबईच्या वृंदातील एक अनामिक वादक १९८२ साली स्वतःच्या बुद्धीने असे काही करू शकेल, ही साधी शक्यता दोघांनाही पचत नाही. एक म्हणतो, हे खोटे असणार. दुसरा म्हणतो, हा चमत्कार आहे. वीस-पंचवीस वर्षे नव्या वाद्यांशी झुंजलेल्या व्यावसायिकाचे हे पुढचे स्वाभाविक पाऊल होते, असे म्हणणारा विरळा.

६

तात्पर्य, या तबकडीचे मोल शिकागोच्या मापाने ठरविणे गैर आहे. ते माप लावले तर ती एका परकीय शैलीची अकाली सूचना एवढीच उरते, आणि त्या शैलीची लाट ओसरताच तिचीही किंमत उतरते. तिला आपल्या संगीताच्या इतिहासात बसवून पाहिले पाहिजे : हार्मोनियमचा वाद, देवलांच्या श्रुती, हवाईयन गिटारवर ब्रिजभूषण काब्रा यांनी बसविलेला रागविस्तार, १९७९ च्या सुमारास बंगळुरात जी. राज नारायण यांनी सिद्ध केलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा, आणि मराठी रंगभूमीवर १९७८ च्या 'तीन पैशाचा तमाशा'त नंदू भेंडे यांच्यासारख्या गायकाने आणलेला रॉकचा ढंग. परके वाद्य आपलेसे करताना आपण काय सोडतो आणि काय हट्टाने राखतो, या दीर्घ कथेतील ते एक प्रकरण आहे. त्यात तिचे स्थान लहान असेल, पण ते तिचे स्वतःचे असेल.

चरणजित सिंग जुलै २०१५ मध्ये मुंबईत निवर्तले. पुनःप्रकाशनामुळे आयुष्याच्या अखेरीस त्यांना कीर्ती लाभली; पण ती परक्यांनी दिलेल्या बिरुदाच्या रूपाने लाभली. पडद्यामागील इतर वादकांच्या वाट्यास तेवढेही आले नाही. त्यांपैकी जे हयात आहेत ते वृद्ध आहेत, आणि त्यांच्या कामाची नोंद तबकड्यांच्या वेष्टनांवर नाही, केवळ स्मरणात आहे. बोलींचे सर्वेक्षण करताना आपण वयोवृद्ध भाषक आधी गाठतो, कारण तो गेला की शब्दही जातो. हीच पद्धत वादक, संयोजक आणि मिरजेसारख्या ठिकाणचे वाद्यकारागीर यांच्या बाबतीत अवलंबिणे, त्यांची परिभाषा, त्यांच्या युक्त्या व त्यांची साक्ष त्यांच्याच शब्दांत नोंदवून ठेवणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज करता येण्याजोगे काम आहे. अग्रक्रमाचे वाद नंतरही घालता येतील. साक्षीदार मात्र नंतर मिळणार नाहीत.